सातव्या फ्लास्कचा खुलासा

चहाचा कप फुटला की इतरांच्या घरी लोक झाडू शोधतात. खुलासेसाहेबांच्या घरी कागद शोधायचे.

खुलासे हे काही त्यांचं आडनाव नव्हे. पाणीपुरवठा कार्यालयाच्या तक्रार विभागात एकोणतीस वर्षं हेडक्लार्की करताना त्यांनी हाताखालच्या माणसांकडून इतके लेखी खुलासे मागवले, की मूळ आडनाव पगारपत्रकापुरतंच उरलं. उशिरा आलात? खुलासा द्या. लवकर निघालात? खुलासा द्या. एक शिपाई वर्षानुवर्षं उशिरा यायचा, तो एकदा चुकून वेळेवर आला, तर त्याच्याकडूनही घेतला. लोकांचे नळ कोरडे असायचे, पण ते का कोरडे आहेत याची फाईल मात्र साहेबांच्या टेबलावर ओसंडून वाहत असायची.

घरीही तोच कारभार. कपाटात 'गृह – किरकोळ' नावाची एक जाडजूड फाईल होती. तिच्यातला सगळ्यात जुना कागद त्यांच्या एकुलत्या एका मुलीचा. तिला सगळे मुंगी म्हणत, कारण लहानपणी ती जमिनीवर पालथी पडून तासन्‌तास साखरेचे दाणे मोजत बसायची. सात वर्षांची असताना मुंगीने वाकड्यातिकड्या अक्षरांत लिहून दिलं होतं, 'कप मी फोडला नाही. तो पडला.' त्याखाली लाल शाईत साहेबांचा शेरा: 'असमाधानकारक. कोणी पाडला ते नमूद करावे.'

हीच मुंगी आता बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला होती, विषय रसायनशास्त्र. परीक्षा तोंडावर आलेली असताना एकदा जेवताजेवता ती म्हणाली, "बाबा, संशोधन संस्थेत सुट्टीत आठ आठवड्यांचा कार्यक्रम असतो. कॉलेजच्या मुलांना खऱ्या प्रयोगशाळेत काम करायला मिळतं. बारा जागा आहेत. मी अर्ज करतेय."

"सुट्टीत तू कारकुनीच्या परीक्षेचा क्लास लावणार आहेस," साहेब म्हणाले. "फॉर्म मी आणून ठेवलाय."

"तो आठ आठवड्यांनी भरला तर?"

"भरू दे की," मुंगीची आई म्हणाली. "फॉर्म काय नासणार आहे?"

शेवटी तह झाला. संस्थेतल्या ज्या मॅडम हा कार्यक्रम चालवत, त्या बारांतल्या एकाला पुढे वर्षभर आपल्याकडे ठेवून घेत. ती जागा मुंगीला मिळाली तर प्रयोगशाळा. नाही मिळाली तर कारकुनी, आणि मग कुरकुर चालणार नाही. मुंगीने मान डोलावली खरी, पण ताट अर्धवट ठेवून ती उठली, हे आईने पाहिलं.

एकदा परवानगी दिल्यावर अर्ज मात्र साहेबांनी ताब्यात घेतला. संशोधनातलं त्यांना काही कळत नसलं तरी अर्जातलं सगळं कळत होतं. 'तुम्हाला संशोधन का करावंसं वाटतं? तीनशे शब्दांत लिहा', असा एक प्रश्न होता. साहेबांनी लिहिलं, 'उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की, अर्जदारास संशोधनाची आवड असल्याचे निदर्शनास आले आहे. तरी सदर आवडीचा सहानुभूतिपूर्वक विचार व्हावा.' सोबत सतरा जोडपत्रं. त्यात पोहण्याचं प्रमाणपत्र होतं, देवीची लस टोचल्याचा दाखला होता, तोही स्वतः साहेबांचा. जास्तीचा असलेला बरा, एवढाच विचार.

आता एका जाणकार व्यक्तीचं शिफारसपत्र हवं होतं. मुंगीने कॉलेजच्या सरांना सांगितलं होतं. पण साहेबांना घरचा जाणकार हवा होता, आणि तो त्यांच्याच इमारतीच्या तळमजल्यावर औषधाचं दुकान थाटून बसला होता. हे औषधवाले म्हणजे उंटावरचे शहाणे. जगातल्या प्रत्येक गोष्टीवर त्यांच्याकडे सल्ला तयार, आणि तोही गोळीच्या पाकिटासारखा सांभाळून कापून दिलेला. त्यांनी दुकानाच्या छापील कागदावर लिहून दिलं, 'अर्जदारास मी लहानपणापासून खोकल्याचे औषध देत आलो असून तिचा रसायनांशी जुना संबंध आहे.'

मुंगीने हे सगळं वाचलं आणि गठ्ठा नीट बांधून दिला. संस्थेचा अर्ज संगणकावरून भरायचा होता. तो तिने स्वतःच्या शब्दांत केव्हाच भरून टाकला होता. साहेबांचा गठ्ठा रजिस्टर पोस्टाने गेला.

मुंगीची निवड झाली. आता हा प्रताप कोणाचा, याबद्दल साहेबांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. "जोडपत्रं," ते जिन्यात भेटेल त्याला सांगू लागले. "माणूस जोडपत्रांवरून ओळखला जातो."

वरच्या मजल्यावरच्या विमावाल्यांनी अभिनंदन केलं आणि लगेच चेहरा पाडला. "ॲसिड असतं तिथं, साहेब. स्फोट होतात. मुलीचा विमा आहे का?"

"ती तिथे संशोधन करणार आहे, सुरुंग नाही लावणार."

"लावायला कोण जातं? लागतो," विमावाले म्हणाले. मृत्यूबद्दल ते नेहमीच इतक्या प्रेमाने बोलत.

पहिल्या दिवशी मुंगी घरी आली तेव्हा शेजारी, आई, साहेब, सगळे जमले होते. शास्त्रज्ञाने पहिल्या दिवशी कोणता शोध लावला, हे ऐकायला सगळ्यांचे कान टवकारलेले.

"भांडी घासली," मुंगी म्हणाली.

"काय?"

"काचेची भांडी. आधी स्वच्छ घासायला शिकायचं. आठवडाभर तेच आहे."

साहेबांना हे फार लागलं. दोनशे चाळीस अर्जांतून निवड, सतरा जोडपत्रं, आणि कशासाठी, तर धुणीभांडी! "माझी मुलगी तिथे भांडी घासते?" ते स्वयंपाकघरात जाऊन गरजले.

"घासू दे. घरी कोणी घासत नाही, तिथे तरी घासू दे," मुंगीची आई म्हणाली. साहेबांनी उभ्या आयुष्यात साधी चहाची बशी विसळलेली नव्हती, आणि ही गोष्ट त्या बाईंनी पंचवीस वर्षं पोटात ठेवली होती. पोटात म्हणजे अधूनमधून ओठांवरही यायची.

पण बाहेर अब्रूचा प्रश्न होता. तेव्हा दुसऱ्या दिवशी साहेबांनी जिन्यात जाहीर केलं, की मुलगी सध्या काचसामग्रीच्या शुद्धीकरणावर काम करतेय. औषधवाल्यांनी गंभीरपणे मान हलवली. "अवघड विषय आहे," ते म्हणाले.

पुढे खरं काम सुरू झालं. एक पदार्थ तयार करायचा होता. दोन रसायनं एकत्र करायची, तापवायची, गाळायची, आणि मग गोल बुडाच्या फ्लास्कमध्ये शांतपणे ठेवून द्यायची. सगळं नीट जमलं असेल तर तळाशी हळूहळू स्फटिक धरतात. मुंगीच्या पहिल्या फ्लास्कमध्ये डांबर झालं. दुसऱ्यातही डांबर. तिसऱ्यात काहीच झालं नाही. चौथा तडकला. पाचव्यात आणि सहाव्यात पुन्हा डांबर, पण जरा फिकट, आणि त्या फिकटपणावर पोरगी इतकी खूश, की आईने काळजीने तिच्या कपाळाला हात लावून पाहिला.

सातवा फ्लास्क तिने सहाव्या आठवड्यात लावला. त्याच्या तोंडावर ॲल्युमिनियमचा कागद, कागदाला टाचणीने पाडलेली भोकं, म्हणजे आतला द्रव सावकाश उडून जावा. दहा दिवस त्याला कोणी हलवायचं नाही. रोज घरी आली की ती तेवढंच बोले. "आई, आज कडेला एक टोक दिसलं." "आई, आज तीन." साहेब पेपराआडून ऐकत. कारकुनीच्या क्लासचा फॉर्म ड्रॉवरमध्ये होता. तो बाहेर काढायचा त्यांना हल्ली जरा जड जाई, पण हे त्यांनी कोणाला सांगितलं नाही. सोमवारी पदार्थ बाहेर काढून वजन करायचं, तपासायचा, आणि शुक्रवारी सभागृहात सगळ्यांसमोर मांडायचा, असं ठरलं होतं.

आणि मध्ये शनिवारी आला पालक दिन.

पालक दिन म्हणजे आईबापांनी येऊन आपल्या लेकरांची प्रयोगशाळा बघायची. त्याच दिवशी संस्थेचे संचालकही फेरी मारणार होते. म्हणून संस्थेच्या कार्यालयाने परिपत्रक काढलं: 'टेबलांवरील सर्व चिठ्ठ्या, चिटोरे व चिकटपट्ट्या काढून टाकाव्यात.' कार्यालय म्हटलं की सगळीकडचं सारखंच. सातव्या फ्लास्कवर मुंगीने मोठ्या अक्षरांत 'हात लावू नये' अशी चिठ्ठी लावली होती. ती परिपत्रकात गेली.

साहेब इस्त्रीचा शर्ट घालून, सपत्निक आले. आमंत्रण दोघांना होतं, पण औषधवाले आणि विमावाले ही जोडी जिन्यातच चिकटली ती सुटेना. एकाला तज्ज्ञ म्हणून यायचं होतं, दुसऱ्याला जोखीम बघायची होती.

मुंगीने त्यांना आपलं टेबल दाखवलं आणि आईचा हात धरून तिला कोपऱ्यातलं वजनाचं नाजूक यंत्र दाखवायला नेलं. बाबा टेबलापाशीच थांबले. त्यांनी आजूबाजूला पाहिलं. परिपत्रकाच्या धाकाने बाकीच्या अकरा टेबलांवरची काच अशी लखलखत होती, की त्यात भांग पाडून घ्यावा. आणि मुंगीच्या टेबलावर? शिळं काहीतरी झाकून ठेवावं तसा कागद लावलेला एक फ्लास्क, आणि त्याच्या बुडाशी तपकिरी, पिवळट, चिकटलेली घाण. वर भिंतीवर पाटी: 'आपली भांडी आपण धुवावीत.'

एकोणतीस वर्षांत साहेबांनी बावीस तपासण्या पाहिल्या होत्या. तपासणी अधिकारी आत यायच्या आधी टेबल साफ पाहिजे, हे त्यांच्या रक्तात भिनलेलं. दाराबाहेर संचालकांच्या बुटांचा आवाज येत होता. पोरीची वर्षभराची जागा, सगळं आयुष्य, एका खरकट्या भांड्यापायी जाणार! बापाचं काळीज ते. साहेबांनी बाह्या सरसावल्या आणि आयुष्यात पहिल्यांदा एक भांडं धुवायला घेतलं.

पाण्याने निघेना. साबणाने निघेना. बोट बुडापर्यंत पोचेना, कडेलाच काहीतरी टोचे.

"ॲसिटोन मारा," औषधवाले शेजारून म्हणाले. टेबलावर एक पांढरी पिचकारीची बाटली होती, तिच्यावर तसं लिहिलेलं होतं. "नेलपॉलिश काढायला बायका नेतात माझ्याकडून. चकाचक निघतं."

औषधवाल्यांच्या आयुष्यातला हा पहिला अचूक सल्ला. दोन पिचकाऱ्या मारल्याबरोबर सगळं विरघळलं आणि मोरीतून निघून गेलं. साहेबांनी फ्लास्क उजेडात धरला. आरपार स्वच्छ! त्यांनी तो स्टँडवर पालथा घातला आणि हात पुसत संचालकांना नमस्कार केला. संचालक टेबलाकडे पाहून "छान, छान" म्हणाले आणि पुढे गेले. साहेबांची छाती दोन इंच फुगली.

तेवढ्यात मुंगी परत आली. तिने टेबलाकडे पाहिलं, मग स्टँडकडे.

"बाबा, इथे एक फ्लास्क होता."

"धुतला," साहेब म्हणाले, आणि शाबासकीची वाट पाहत उभे राहिले.

मुंगी रडली नाही. ओरडलीही नाही. ती हळूच स्टुलावर बसली आणि तिने तो पालथा फ्लास्क सुलटा करून हातात घेतला, आत पाहिलं. लहानपणी साखरेचे दाणे मोजताना बसायची तशीच बसली होती, फक्त मोजायला काही नव्हतं. मुंगीच्या आईने कपाळाला हात लावला. साहेबांना अजून काय झालं ते कळलेलं नव्हतं, पण सरसावलेल्या बाह्या त्यांनी हळूच खाली घेतल्या.

"माझे स्फटिक होते त्यात, बाबा," मुंगी म्हणाली.

औषधवाल्यांना एकाएकी दुकान उघडं टाकून आल्याची आठवण झाली. विमावाले दारापर्यंत मागे सरकत म्हणाले, "असलं नुकसान कुठल्याच योजनेत बसत नाही हो," आणि तेही गेले. सुखाचे सोबती.

मॅडम आल्या. पन्नाशीच्या, आखूड केसांच्या, चष्मा दोरीला अडकवलेल्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. चिठ्ठीचं ऐकल्यावर त्या परिपत्रकाबद्दल एक शब्द बोलल्या, तो इथे लिहिण्यासारखा नाही. मग त्यांनी मुंगीची नोंदवही उघडून साहेबांपुढे ठेवली.

"आमच्याकडे एकच नियम आहे. प्रयोगाचं जे होईल ते, ज्याने केलं त्याने, शाईने लिहायचं. खाली सही. लिहा."

"म्हणजे... खुलासा?"

"त्याला तुम्ही काय म्हणता ते म्हणा."

खुलासेसाहेबांनी पेन उघडलं. हजारो खुलासे मागवणाऱ्या माणसावर स्वतः एक लिहायची पाळी आलेली. पण लेखणी मुरलेली. त्यांनी लिहिलं, 'पालक दिनाच्या गडबडीत, साफसफाईच्या ओघात सदर पदार्थ अनवधानाने नष्ट झाला.' वाचून पाहिलं. सुरेख उतरलं होतं. यात कोणीच अडकत नव्हतं.

मुंगीने वाकून वाचलं. तिचा आवाज अगदी साधा होता.

"असमाधानकारक," ती म्हणाली. "कोणी केला ते नमूद करावं."

साहेबांनी मान वर केली. मुलीच्या डोळ्यांत आता पाणी होतं. सात वर्षांच्या पोरीला लाल शाईने आपण काय लिहून दिलं होतं ते त्यांना आठवलं, आणि मग त्यांच्याच्याने तिच्याकडे बघवेना. त्यांनी पहिली ओळ खोडली. लिहिलं, 'फ्लास्क मी धुतला. मला ती घाण वाटली. मी कोणाला विचारलं नाही.'

इथे थांबले असते तरी चाललं असतं. पण खुलासा अर्धवट सोडणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. त्यांनी पुढे सगळं क्रमवार लिहून काढलं: किती वाजता धुतला, पाणी तीन वेळा घातलं, साबण एकदा, पिचकारी दोनदा, प्रत्येक वेळी काय झालं. पानभर झालं. खाली सही, तारीख.

शुक्रवारी साहेबांनी किरकोळ रजा टाकली. कारण लिहिलं, 'खुलाशास उपस्थित राहणे'. सभागृहात शेवटच्या रांगेत, खांबाआड, मुंगीच्या आईशेजारी ते बसले.

एकेक मुलगा पुढे येत होता आणि एकेक यश मांडत होता. जितका पदार्थ मिळायला हवा, त्याच्या शंभरातला किती मिळाला, असा आकडा द्यायचा होता. कोणाला ब्याण्णव, कोणाला पंचाण्णव. सगळ्यांच्या आलेखांच्या रेषा अशा गुळगुळीत, की पाय घसरावा. एका चुणचुणीत मुलाला एकशे चार मिळाले होते.

"शंभरात एकशे चार?" मॅडमनी विचारलं.

"थोडं जास्तच झालं मॅडम," तो विनयाने म्हणाला. संचालकांनी टाळ्या वाजवल्या, म्हणून सगळ्यांनी वाजवल्या.

मग मुंगी उठली. तिने सहा फ्लास्कचं सहा ओळींत सांगितलं: डांबर, डांबर, काही नाही, तडकला, डांबर, डांबर. "सातव्यात स्फटिक धरले होते. त्यांचं वजन झालं नाही," ती म्हणाली, आणि तिने पडद्यावर बाबांचं पान लावलं. त्यांच्याच अक्षरात, चार फूट उंच. सभागृह खोखो हसलं. साहेबांना वाटलं, या खांबाने आपल्याला पोटात घ्यावं.

संचालकांनी हसू आवरत विचारलं, "पण मुली, त्यात काही तयार झालं होतं, हे आम्ही कशावरून मानायचं?"

"मानू नका, सर," मुंगी म्हणाली. "आकडा माझ्याकडे नाही. या पानापलीकडे माझ्याकडे काही नाही."

मॅडम उठून पडद्याजवळ गेल्या आणि चष्मा लावून ते पान मोठ्याने वाचू लागल्या. "'पाणी तीन वेळा घातले, पदार्थ जागचा हलला नाही. साबणाच्या पाण्यात फरक पडला नाही. ॲसिटोनच्या दुसऱ्या पिचकारीस अंदाजे चार सेकंदांत पूर्ण विरघळला. कडेचे खडे सुईसारखे होते, बोटाला टोचले.' पहिल्या सहातलं डांबर ॲसिटोनमध्ये कसं वागायचं?"

"चिकट व्हायचं, मॅडम. पूर्ण विरघळायचं नाही," मुंगी म्हणाली, आणि बोलताबोलताच तिचा चेहरा उजळला. "म्हणजे सातव्यातलं डांबर नव्हतं!"

"नव्हतं," मॅडम म्हणाल्या. "काय होतं ते पुन्हा करून बघायचं." मग त्या सभागृहाकडे वळल्या. "या अकरा जणांचे प्रयोग पहिल्या फटक्यात जमले. माझे तीस वर्षांत कधी जमले नाहीत. मला डांबर लिहून ठेवणारं माणूस हवंय. मुंगी, सोमवारी ये. आठवा फ्लास्क लाव."

संचालकांनी पहिलं बक्षीस एकशे चारवाल्याला दिलं. तो पुढे मोठा होणार यात शंका नाही.

बाहेर पडताना मॅडमनी साहेबांना गाठलं. "सतरा जोडपत्रं पाठवली होती ते तुम्हीच ना? लसीचा दाखला अजून आमच्याकडे आहे. घेऊन जा." साहेबांनी मान खाली घालून तो घेतला. घरी येऊन त्यांनी तो कारकुनीच्या क्लासच्या कोऱ्या फॉर्मला टाचला, फॉर्मवर 'कार्यवाहीची आवश्यकता नाही' असा शेरा मारला आणि दोन्ही 'गृह – किरकोळ'मध्ये लावून टाकलं. जिन्यात औषधवाले विचारत होते, ॲसिटोनचा सल्ला कोणाचा ते मॅडमना सांगितलंत ना? साहेबांनी दार लावून घेतलं.

सोमवारी मुंगी आठवा फ्लास्क लावायला गेली. साहेब ऑफिसला निघता निघता पाणी प्यायला स्वयंपाकघरात आले आणि मोरीपाशी थबकले. दुधाचं पातेलं पडलं होतं. बुडाशी तपकिरी, पिवळट, करपून चिकटलेला थर. त्यांनी हात पुढे केला, मागे घेतला. मग घसा खाकरला.

"अगं ऐकलंस का, हे... धुवायचं आहे ना? की काही चाललंय यात?"

मुंगीची आई ओट्यापाशी पाठमोरी उभी होती. ती वळलीसुद्धा नाही.

"चाललंय की. पंचवीस वर्षं चाललंय," ती म्हणाली. "तुम्ही कधी विचारता, तेवढंच बघत होते. साबण डाव्या हाताला आहे."